असर्टिव्ह : अर्थ, उपयोग आणि चालेलभाऊ

जगात सत्यं पुष्कळ आहेत; पण जे ठासून सांगितलं जातं तेवढंच सत्य धरतात, बाकीच्याला मत म्हणतात. आमच्या गाद्यांच्या कारखान्यात हा शोध जरा उशिराच पोचला, कारण माल मऊ असल्यामुळे नोकरभरतीही त्याच अंदाजाने झाली होती. यंदा मात्र मोठ्या साहेबांनी ऑफिसातल्या प्रत्येकाच्या वार्षिक अहवालात एकच शेरा मारला : ‘पुरेसे असर्टिव्ह नाहीत.’

शेरा आम्ही सर्वांनी मान खाली घालून स्वीकारला. (त्यामुळे तो खराही ठरला.) मग अर्थाची शोधाशोध सुरू झाली. हेडक्लार्क म्हणाले, शब्द सरळसरळ ‘असर’वरून आलेला आहे, ज्याच्या बोलण्याचा असर होतो तो असर्टिव्ह. टायपिस्टबाईंना हे मान्य नव्हतं. त्यांनी शब्द फोडून दाखवला : अ-सर-टिव्ह. जसं अशक्य, असह्य, तसं अ-सर. म्हणजे वाक्याच्या शेवटी जो ‘सर’ लावत नाही तो. ही व्युत्पत्ती इतकी सोपी आणि इतकी धोक्याची होती, की ती सगळ्यांना पटली आणि कोणीही वापरली नाही.

व्याकरणात हे विशेषण असलं तरी व्यवहारात ते माणसाला नव्हे, खुर्चीला लागतं. ‘हे आजच झालं पाहिजे’ असं साहेब म्हणाले तर ते असर्टिव्ह. हेडक्लार्क म्हणाले तर कटकटे, टायपिस्टबाई म्हणाल्या तर भांडकुदळ, आणि शिपाई म्हणाला तर त्याची चौकशी. घरून फोन आल्यावर स्वतः साहेब ‘हो, आणतो, नाही विसरणार’ असं म्हणतात. ते कशात मोडतं यावर अजून एकमत झालेलं नाही. (याविषयी घेतलेल्या पाहणीत शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी ‘साहेब म्हणतील तसं’ या उत्तरावर खूण केली. हे उत्तर छापलेलंच नव्हतं. ते प्रत्येकाने आपापल्या पेनाने जोडलं.)

शेवटी साहेबांनी शिबिर ठेवलं. शनिवारी संध्याकाळी, हजेरी सक्तीची. ठाम व्हायला माणसं आपण होऊन येतील यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यात ते बरोबरच होते.

पंचाईत झाली ती चालेलभाऊंची. चालेलभाऊ आमच्याकडे माल रवाना करण्याचं काम बघतात. ट्रक उशिरा येतोय? चालेल. हमाल कमी आहेत? चालेल. सुट्टीच्या दिवशी येता का? चालेल. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असतं म्हणे. तर त्याच शनिवारी, त्याच वेळी, त्यांच्या मुलीचं शाळेत नाटक होतं. मागची दोन नाटकं भाऊंनी अशीच ‘चालेल’मध्ये घालवली होती. या वेळी मुलगी रुसली नाही, रडली नाही. तिने आईला फक्त विचारलं, ‘बाबांसाठी खुर्ची धरायची, की उगाच कशाला अडवायची?’ वहिनींनी हे वाक्य काना-मात्रा न बदलता भाऊंना ऐकवलं, आणि भाऊंनी हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत गोदामात सराव करू लागले. भिंतीशी एक डबल गादी उभी करायची (रुंदी साधारण साहेबांएवढी) आणि तिला म्हणायचं, ‘मला शनिवारी जमणार नाही.’ गादीने एकदाही आवाज चढवला नाही. तरी दर वेळी थोडं थांबून भाऊच म्हणायचे, ‘बरं, चालेल.’

शनिवार उजाडला. भाऊ शिबिरात हजर. मार्गदर्शक टाय लावून आले होते. ते म्हणाले, ‘ज्यांना आज इथे यायचं नव्हतं त्यांनी हात वर करा.’ आम्ही साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हात वर केला नव्हता, म्हणून आम्हीही केला नाही. मग ‘नाही’ म्हणण्याचा सामूहिक सराव झाला.

‘जोरात म्हणा, नाही!’

‘नाही, सर!’ आम्ही छप्पर उडेल इतक्या जोरात म्हणालो. उत्साह इतका चढला की हेडक्लार्क टेबलावर उभे राहिले. (परवानगी घेऊन.) टायपिस्टबाईंनी खिडकीतून रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ‘नाही!’ म्हटलं, त्याने माफी मागितली. मार्गदर्शकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या गदारोळात चालेलभाऊ उठले. हळूच खुर्ची मागे सरकवली, डबा उचलला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, ‘मी निघतो. मुलीचं नाटक आहे.’

‘कोणाला विचारून?’ साहेब.

‘विचारत नाहीये. सांगतोय.’

त्या वाक्याला ‘सर’ नव्हतं, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. मार्गदर्शकांनी सवयीने टाळी वाजवली. साहेबांकडे नजर गेल्यावर दुसरी वाजवली नाही. भाऊ गेले. कसं निघून जावं, हे आम्ही पुढे दोन तास बसून शिकलो.

अहवाल सोमवारी सकाळीच लागला. शेवटपर्यंत बसलेले सर्व जण : असर्टिव्ह. चालेलभाऊ : उद्धट, शिबिर अपूर्ण, यंदा पगारवाढ नाही.

त्याच दुपारी मी भाऊंना विचारलं, ‘मग, नाटक कसं झालं?’

‘पहारेकऱ्याचं काम होतं हो तिला. एकच वाक्य. थांबा, आत जायची परवानगी नाही!’ भाऊंचा चेहरा असा फुलला होता, की पगारवाढ मिळालेल्या आमच्यात एकाचाही तसा नव्हता. ‘असली गरजली, की राजा घाबरून परत विंगेत गेला. तिसऱ्या रांगेत खुर्ची धरून ठेवली होती माझ्यासाठी.’

मला त्यांचा फार हेवा वाटला. तसं मी त्यांना सांगणारही होतो, पण साहेब समोरून येत होते.

तर वाचकहो, उद्धट कोण आणि असर्टिव्ह कोण, याचा निकाल लावल्याशिवाय गोष्ट संपवणं तुम्हाला रुचणार नाही, हे मला माहीत आहे. पण वेळ थोडा आहे. इथेच थांबलो तर चालेल ना?

चालेल म्हणालात ना, मनातल्या मनात? मग येत्या शनिवारी या. हजेरी सक्तीची आहे.