बर्फराणीला उकडतंय

महाशक्तीवाल्या वीरांच्या टोळीचा सिनेमा कशामुळे चालतो, याचं उत्तर साऱ्या जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, अशी संवादलेखकाची पक्की खात्री होती. कुणी विचारलं तर तो सांगायचा. कुणी नाही विचारलं, तर जरा जास्तच सांगायचा!

"समतोल!" जेवताना चमचा उंचावून तो म्हणाला. "चार वीर आहेत ना? मग चौघांना सारख्या ओळी. एकाला एक जास्त दिली की बाकीच्या तिघांचे चाहते रुसलेच म्हणून समजा. मी प्रत्येकाला चौदा टाळ्यांची वाक्यं दिलीत. तेरा नाही, पंधरा नाही. चौदा!"

"आणि ते चौघं एकमेकांशी काही बोलतात की नाही?" बायकोने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे हिशोबात काय राहिलंय ते तिला आधी दिसायचं.

"अगं, जग बुडायला आलंय! बोलत बसायला वेळ कुणाला आहे?"

"आपल्या घरात कुणाला वेळ नसला तरी बोलतातच की सगळे."

तिला सिनेमातलं काय कळतंय, असा चेहरा करून तो जेवत राहिला.

बिचाऱ्याचंही खरं होतं. अकरा वर्षं तो परदेशी सिनेमांचे संवाद आपल्या भाषेत लिहीत आला होता. बोलणारे ससे त्याचे, रडणाऱ्या बाहुल्या त्याच्या, गादीच्या जाहिरातीतला घोरणारा हत्तीसुद्धा त्याचाच. पण पडद्यावर नाव? एकदाही नाही! या वेळी मात्र वितरकबाईंनी शब्द दिला होता. "चाचणीच्या खेळाला लोकांनी पसंत केलं, तर पडदाभर तुमचं एकट्याचं नाव. नाही केलं, तर संवाद दुसऱ्याकडून लिहून घेईन. चालेल?" चालेल काय, धावेल! त्या पडदाभर नावासाठी तो तीन महिने धड झोपला नव्हता.

आता या धंद्यात एक रीत आहे. मोठ्या आवाजाच्या कलाकारांना स्टुडिओत बोलावण्याआधी लिहिलेल्या ओळी कुणाकडून तरी कामचलाऊ वाचून घ्यायच्या आणि चित्रातल्या ओठांवर बसतात का ते बघायचं. ते वाचन नंतर फेकून द्यायचं. आपल्या लेखकाचा 'कुणीतरी' म्हणजे घरचीच माणसं. आईकडे बर्फराणी, बायकोकडे विजेची तलवार चालवणारी, मेहुण्याकडे दगडाचा राक्षसासारखा वीर. टोळीचा कप्तान अर्थातच तो स्वतः. खलनायकाला माणूस उरला नाही, म्हणून तोही मेहुण्याच्याच गळ्यात पडला.

मागच्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. मधोमध एकच माइक ठेवला. समोर टीव्हीवर सिनेमा सुरू, आणि सिनेमा संपेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवायचं नाही असा कप्तानाचा हुकूम!

पहिल्या दहा मिनिटांत हुकुमाचा निकाल लागला.

"गोठून जाशील, पाप्या!" आईने बर्फराणीची पहिली ओळ झोकात म्हटली आणि लगेच म्हणाली, "अरे, पंखा लाव रे. घामाने जीव चाललाय माझा."

"आई, पंख्याचा आवाज येतो! लिहिलंय तेवढंच बोल!"

"मग लिहायचं ना, की हिला उकडतंय म्हणून!"

पुढे दाराची बेल वाजली. "कोण आलंय बघा रे," आई म्हणाली. मेहुणा जागचा हलेना. "मी नाही उठणार, मावशी. मागच्या वेळी मीच उठलो होतो." शेवटी बायकोच कागद आपटून उठली. "मी एकटीनेच करायचं का सगळं? तुम्ही तिघं बघा नुसते उभे राहून!" तोवर आईचा चष्मा हरवला. मेहुणा खलनायकाच्या आवाजात दगडवीराला धमक्या देता देता मध्येच थांबून म्हणाला, "भावजी, मी आता मला मारतोय की मी माझा मार खातोय?"

"अरे, लिहिलंय तेवढंच बोला रे!" कप्तान किंचाळला. "हात जोडतो! एकदा तरी माझं ऐका!"

दोन तास तो हेच किंचाळत होता. शेवटी काय हाती लागलं, ते ऐकायचाही त्याला धीर झाला नाही. बोटाने मात्रा मोजत त्याने ओळी ओठांवर बसवल्या, खऱ्या कलाकारांना बोलावलं, आणि त्यांनी एकेक वाक्य असं म्हटलं की स्टुडिओतली काच थरथरली. "आभाळ फाटेल, पण ही छाती फाटणार नाही!" वा! ऐकून त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

चाचणीच्या दिवशी सकाळी टेबलावर दोन हार्ड डिस्क होत्या. एक काळी, एक निळी. वितरकबाईंना सगळाच माल परत हवा होता, म्हणून दोन्ही पिशवीत जायच्या होत्या. आईला बिनचिठ्ठीची वस्तू घरात सहन होत नाही. साखरेच्या डब्यापासून स्क्रूच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर तिच्या हातच्या चिठ्ठ्या.

"यातल्या कुठलीत आपले आवाज आहेत रे?" तिने विचारलं.

"निळीत!" तोंडात ब्रश ठेवूनच तो ओरडला.

आईने निळ्या डिस्कवर चिठ्ठी चिकटवली, 'चांगलं'. काळीवर चिकटवली, 'बाकीचं'. आईच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं. पिशवीची चेनही तिनेच लावून दिली. ती पिशवी त्याने चेन न उघडता थेट चित्रगृहाच्या मशीनवाल्या काकांच्या हातात नेऊन दिली.

दुपारी तीनचा खेळ. साठ खुर्च्यांचं छोटं चित्रगृह, दारात सगळ्यांचे मोबाइल एका पेटीत जमा करून घेतलेले, प्रत्येकाच्या हातात अभिप्रायाचा कागद. वितरकबाई मधल्या रांगेत. घरची मंडळीही आली होती, आई तिसऱ्या रांगेत कोपऱ्यात. आपला लेखक शेवटच्या रांगेत, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून.

अंधार झाला. पडद्यावर बर्फाचं वादळ उठलं. त्यातून पांढऱ्या झग्यातली राणी चालत आली, "गोठून जाशील, पाप्या!" म्हणत तिने हात उंचावला, अख्खं सैन्य जागच्या जागी गोठलं, आणि ती म्हणाली, "अरे, पंखा लाव रे. घामाने जीव चाललाय माझा."

क्षणभर लेखकाला वाटलं, आई तिसऱ्या रांगेतून बोलली. असं व्हावं म्हणून त्याने देवाची प्रार्थनासुद्धा केली! पण पाठोपाठ उंच इमारतीच्या टोकावर उभा असलेला कप्तान, केस वाऱ्यावर उडत असताना, त्याच्याच रडव्या आवाजात म्हणाला, "आई, पंख्याचा आवाज येतो!"

साठ माणसं एकदम हसली.

तो उठून धावला. मशीनच्या खोलीचं दार आतून बंद! मागे कधीतरी कुणीतरी मध्येच शिरून गोंधळ घातला होता, तेव्हापासून काका कडी लावूनच बसायचे. त्याने दार वाजवलं. आतून आवाज आला, "खेळ संपल्यावर या." त्याने दार बडवलं. "संपल्यावर म्हटलं ना!" फोन करावा तर फोन पेटीत, आणि पेटीजवळचा पहारेकरी म्हणतो, "बाई सांगतील तेव्हाच उघडणार."

"अहो, आत माझं वाटोळं होतंय!"

"सगळे असंच म्हणतात, साहेब."

तो परत आत आला तेव्हा आकाशातून शत्रूचं अवाढव्य यान उतरत होतं. बेल वाजली, टिंगटाँग! यानाचं दार हळूहळू उघडलं. "कोण आलंय बघा रे," बर्फराणी म्हणाली. दगडवीर निश्चल. "मी नाही उठणार, मावशी. मागच्या वेळी मीच उठलो होतो." मग ती वीजवाली एकटीच तलवार उपसून हजारोंवर तुटून पडली, बाकीचे तिघं चित्रात मागे उभेच होते, आणि ती गरजली, "मी एकटीनेच करायचं का सगळं? तुम्ही तिघं बघा नुसते उभे राहून!"

चित्रगृहातल्या झाडून साऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने तर शिट्टीही मारली!

लेखकाला त्या टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. त्याला दिसत होतं ते फक्त आपलं पडदाभर नाव, कुणीतरी ओल्या फडक्याने पुसत चाललंय असं. त्याच्या छप्पन्न ओळींपैकी एकही धड पुरी होत नव्हती. दगडवीर आणि खलनायक एकमेकांसमोर आले, दोघंही मेहुण्याच्याच आवाजात एकमेकांना धमकावू लागले, तेव्हा पुढच्या रांगेतला एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाला, "अरेरे, सख्खे भाऊ दिसतात हो. आवाजावरून कळतंय." दगडाने ठोसा मारायच्या आधी विचारलं, "मी आता मला मारतोय की मी माझा मार खातोय?" आणि त्या गृहस्थाने चक्क डोळे पुसले.

आता मात्र लेखकाचा तोल सुटला. तो तरातरा पुढे गेला, पडद्यासमोर उभा राहिला, आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "थांबवा हो! हे मी लिहिलेलं नाही! हात जोडतो, एकदा तरी माझं ऐका!"

मग कुणीतरी आनंदाने चीत्कारलं, "अय्या! आवाज ऐका, हा तर कप्तान!"

आणि साठच्या साठ माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. त्याच्या डोक्यावर, पडद्यावर, खरा कप्तानही हात पसरून तसाच उभा होता. "आता खाली बसा, कप्तान, पुढचं दिसत नाहीये," कुणीतरी प्रेमाने म्हणालं. तो पहिल्या रांगेत मटकन बसला आणि सिनेमा संपेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.

दिवे लागले. वितरकबाई अभिप्रायाचे कागद वाचत उभ्या होत्या. एकाने लिहिलं होतं, 'भाऊ आहेत हे आधी का नाही सांगितलं?' दुसऱ्याने, 'बर्फराणीला पंखा द्या.' एका आजोबांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कुणी कुणाचं ऐकत नाही, पण सोडूनही कुणी जात नाही. त्यामुळे यांना काही होऊ नये असं वाटत राहतं. असे सिनेमे मी नातवाबरोबर पुष्कळ पाहिले, पण कोण जगलं नि कोण मेलं याने आजवर काही फरक पडला नव्हता.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "हे संवाद कुणी लिहिले?"

अकरा वर्षं वाट पाहिलेला प्रश्न! 'मी' एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं. लेखकाने छाती भरून श्वास घेतला.

"लिहिलेत कुठे?" तिसऱ्या रांगेतून आई म्हणाली. "आम्ही आपले बोलत होतो! हा लिहिलेलं बोला म्हणून सारखा मागे लागला होता, पण आम्ही कसले ऐकतोय!"

झालं! बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली.

मग बाईंनी सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. हेच पुन्हा, नीट ध्वनिमुद्रित करायचं. गार हवा, मऊ खुर्च्या, प्रत्येकाला वेगळा माइक, पाण्याची बाटली. आणि काय सांगावं! आई बायकोला म्हणाली, "आधी तू बोल गं." बायको म्हणाली, "छे छे, आई, तुम्हीच." मेहुणा तर बेल वाजायच्या आधीच उठून उभा राहायचा! इतक्या गुण्यागोविंदाने वागणारी आपली माणसं लेखकाने जन्मात पाहिली नव्हती.

"अरे, भांडा ना जरा!" तो किंचाळला. "घरी कसे भांडता!"

"चारचौघांत?" आई म्हणाली. "काहीतरीच तुझं."

शेवटी त्या काचा थरथरवणाऱ्या कलाकारांना मानधन देऊन हात जोडले, आणि गाद्यांच्या खोलीतलाच आवाज, बेलसकट आणि घामासकट, जसाच्या तसा सिनेमावर चढवला.

पहिल्या खेळाला चौघं ओळीने बसली. चित्रगृह भरून वाहत होतं. पडद्यावर पाटी आली, 'संवाद', आणि तिच्याखाली आईचं नाव, बायकोचं नाव, मेहुण्याचं नाव. लेखक पुढे झुकून बघत राहिला. पाटी गेली. दुसरी आली, पडदाभर, एकट्याची. 'कप्तानाचा आवाज', आणि खाली त्याचं नाव.

बायकोने त्याचा हात दाबला. "आलं की नाही नाव?"

"आलं," तो कुजबुजला. "पण आवाजाखाली! अगं, तीन महिने मी एकेक ओळ घासूनपुसून लिहिली. त्यातली एक तरी ठेवायची! अकरा वर्षं या दिवसाची वाट पाहिली, आणि लेखक म्हणून नाव कुणाचं? आईचं! जिला साधं..."

"अरे, गप्प बस ना जरा!" आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तू तिथे काय बोलतोयस ते ऐकू येत नाहीये मला!"