अनिरुद्धरावांचा होकार

मोटारीचा सायलेन्सर बदलल्याचं अनिरुद्धरावांनी बायकोला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? जी मोटार सुरू झाली की तंजावरच्या अख्ख्या मेलवीदी रस्त्यावरची कबुतरं उडत, ती उद्या निमूटपणे चालू लागली की वरलक्ष्मीला आपोआप कळेल, ती आश्चर्यानं आपल्याकडे बघेल, आणि आपण अगदी साध्या चेहऱ्यानं समोर बघत राहू, असा त्यांचा बेत होता.

मोटार त्यांच्या वडिलांच्या वेळची. रंग एकेकाळी हिरवा असावा. खालचा सायलेन्सर गंजून त्याची चाळणी झाली होती, आणि चाळणीला जागोजागी तारेनं बांधलेली ठिगळं होती. "सार, ह्याच्यात आता सायलेन्सर कमी आणि तार जास्त," असं मेकॅनिक गणेशकुमार दर खेपेस म्हणायचा. शेवटी त्यानं इंजिनापासून शेपटापर्यंतची सगळी नळी काढून नवी बसवली, नळी टांगायचे रबरही नवे घातले, आणि किल्ली फिरवली. मोटार सुरू आहे की बंद, हे बघायला अनिरुद्धरावांना बॉनेटवर हात ठेवावा लागला.

दर रविवारी वरलक्ष्मी तिरुवैयारूला मुलींना गाणं शिकवायला जात असे. अनिरुद्धराव तिला सोडत आणि शिकवणी संपेपर्यंत कावेरीच्या घाटावर झाडाखाली झोपत. त्या रविवारी ती आली, बसली, पदर सारखा केला, आणि नेहमीप्रमाणे पर्समधून कापसाचे दोन बोळे काढून तिनं कानांत घट्ट बसवले. मग डोळे मिटले. अनिरुद्धराव गाव संपेपर्यंत वाट बघत राहिले. ते मनातून हिरमुसले.

पण बाहेर सकाळ फार छान होती. दोन्ही बाजूंना भाताची कोवळी हिरवळ, पाटाचं पाणी, आणि बगळे मोटार शेजारून गेली तरी उडत नव्हते. आपण मोटार चालवत नसून होडीत बसलो आहोत आणि कुणीतरी दुसराच वल्हवतो आहे, असं त्यांना वाटू लागलं. वेण्णार नदीचा पूल आला, आणि इतक्या वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे वरलक्ष्मीचे ओठ हलू लागले.

ती रस्त्यात विष्णुसहस्रनाम म्हणते, अशी अनिरुद्धरावांची समजूत होती. त्या गदारोळात ऐकू काहीच येत नसे, पण देवाचं नाव चाललंय म्हटल्यावर ते अधूनमधून भक्तिभावानं मान डोलवत. आज त्यांना ते सहस्रनाम पहिल्यांदा ऐकू आलं.

"स्वयंपाकघर पूर्वेलाच असूं दे," वरलक्ष्मी म्हणत होती. "सकाळचं ऊन ओट्यावर आलं पाहिजे. आणि ऊंजल मधल्या खोलींत. त्याच्यावर बसून झोके घेत कापी प्यायची, दोघांनी."

अनिरुद्धरावांची मान सवयीनं डोलली. वरलक्ष्मीनं एक डोळा किलकिला करून ती डोललेली पाहिली आणि समाधानानं पुन्हा मिटला.

वेट्टार आणि कुडमुरुट्टी या नद्या ओलांडेपर्यंत तिच्या बोलण्यात घराला परस आला, परसात केळी आल्या, केळींमागे नारळ आले. कावेरीचा पूल उतरल्यावर तिनं बोट वर केलं. दर रविवारी ती इथे बोट वर करी आणि अनिरुद्धराव तो नदीला नमस्कार समजून स्वतःही हात जोडत. आज त्यांनी बोटाच्या दिशेनं पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी निळ्या दाराचं, पुढे ओटा असलेलं एक माडीचं घर होतं.

"हेंच घर. तुमी तर केव्हांच हो म्हणट्लात," वरलक्ष्मी म्हणाली. "आणि वासुकीअक्कांना माडीवर ठेवूं. त्यालाही तुमी हो म्हणट्लात. फक्त एक..."

समोरून टाउन बस आली आणि पुढचं वाक्य तिच्या हॉर्ननं खाल्लं.

त्या दिवशी घाटावर अनिरुद्धरावांना झोप लागली नाही. वासुकीअक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, ओरत्तनाडूच्या शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिच्यासमोर आजही त्यांचा हात आपोआप केसांवरून फिरे. तिला घरी आणायचं ते स्वतः कधी बोलले नव्हते, कारण वरलक्ष्मीला त्रास होईल. आणि ही बाई मात्र दर रविवारी देवाच्या नावासारखं तिचं नाव घेत होती. आपली बायको किती मोठ्या मनाची आहे हे इतक्या वर्षांनी कळलं म्हणून त्यांना भरून आलं.

आता प्रश्न शब्दाचा होता. त्यांच्या घराण्यात एकदा हो म्हटलं की हो. मूळ पुरुष तुळजारामपंत देशावर सुखानं नांदत होते, राजानं "येतोस?" म्हणून विचारलं, ते हो म्हणाले आणि इतक्या लांब तंजावरला आले, ते परत गेलेच नाहीत. अशा माणसाच्या वंशजानं "मला ऐकूच येत नव्हतं, मी नुसती मान हलवत होतो" असं बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं?

सांगण्यापेक्षा करणं सोपं, असं ठरवून त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. निळ्या दाराचं घर गंगाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं निघालं. त्या मुलाकडे चालल्या होत्या आणि भाडेकरू शोधत होत्या. अनिरुद्धराव त्यांना हो म्हणाले. मग त्यांनी बहिणीला फोन केला.

"माडी आहे म्हणतोस?" वासुकीअक्कांनी विचारलं.

"आहे. वरूचीच इच्छा आहे, अक्का."

"इतकीं वर्षं कोठें होतास रे?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला नव्हता.

शनिवारी ते बहिणीला घेऊन आले. पूर्वी मोटार कोपऱ्यावर आली की घरातल्या भांड्यांनाही कळे. आता वरलक्ष्मीनं दार उघडलं तर उंबऱ्यात नणंद, मागे ट्रंक आणि वेताची खुर्ची. ती दाराची कडी धरून ट्रंकेकडे बघतच राहिली. अनिरुद्धरावांना तो आनंद वाटला.

"किती दिवस?" स्वयंपाकघरात तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"तुझ्या मनांतलं सगळं मला कळतं," अनिरुद्धराव हसून म्हणाले आणि बाहेर गेले.

"वरलक्ष्मी, कापी पातळ झाली आहे," बाहेरून अक्कांचा आवाज आला.

रविवारी तिघं निघाली. वासुकीअक्का मागे ताठ बसल्या. घराची किल्ली अनिरुद्धरावांच्या खिशात होती. दारासमोर मोटार थांबवायची आणि काही न बोलता ती बायकोच्या हातात ठेवायची. वरलक्ष्मीनं कापूस नेहमीपेक्षा जरा जास्तच घेतला. मोटार पुन्हा होडीसारखी निघाली, वेण्णारच्या पुलावर ओठ हलू लागले.

"आतां तर आल्याच," ती डोळे मिटून म्हणाली. "आज सकाळपासून तीन वेळां कापी केली. तीनही पातळ. बरं झालं आपलं घर आधींच ठरलंय. अक्कांना माडीवर ठेवायचं, ऊन, वारा, कावेरी, सगळं त्यांना. फक्त एक. माडीला जिना ठेवायचा नाहीं."

अनिरुद्धरावांची मान अर्धी डोलली होती, ती तिथेच थांबली. आरशात बघायचं धैर्य त्यांना होईना. बाहेर एक बगळा शांतपणे पाण्यात उभा होता, त्याचा त्यांना हेवा वाटला.

मागून एक हात आला आणि त्यानं वरलक्ष्मीच्या कानातला बोळा हलकेच काढला.

"जिना नाहीं तर जेवण कसं पोंचवशील?" वासुकीअक्कांनी विचारलं.

वरलक्ष्मीनं डोळे उघडले. तिनं दुसरा बोळाही काढला. बाहेर पाटाचं पाणी वाहताना ऐकू येत होतं. "गाडी बंद पडली?" ती म्हणाली.

अनिरुद्धरावांनी मोटार कडेला घेतली आणि गणेशकुमारपासून गंगाबाईंपर्यंत सगळं सांगून टाकलं. मान डोलावण्याचंही सांगितलं. वरलक्ष्मीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"तुमाला ऐकूं येत नाहीं हें मला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर बोलत होतें. तें घर घ्यायचं नव्हतं हो. जातांना बांधायचं, येतांना सोडून द्यायचं. नुसतं बोलायला बरं वाटायचं."

"आणि मी घेऊन बसलों."

"तुमच्या तुळजारामपंतांचंही असंच झालं असेल. नगारे वाजत असतील, आणि त्यांनीं मान हलवली असेल."

इतक्यात मागे कसलातरी आवाज झाला. वासुकीअक्का हसत होत्या. त्यांना हसताना अनिरुद्धरावांनी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. "दोरीला टोपली बांधा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मला माडीच हवी होती. येणाऱ्याजाणाऱ्याशीं बोलावं लागत नाहीं. कापी मात्र मी माझी करीन."

निळं दार किल्लीनं उघडलं तेव्हा स्वयंपाकघर पश्चिमेला निघालं. वरलक्ष्मी तरी ओट्याला हात लावून बराच वेळ तिथे उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि ते तिनं लपवलं नाही. मग पदरानं तोंड पुसून ती बाहेर आली.

"गणेशकुमारकडे तो जुना सायलेन्सर आहे का अजून?" तिनं विचारलं. "आतां बोलायचं म्हणजे पंचाईतच आहे."

गणेशकुमारनं कपाळाला हात लावला, पण जुना सायलेन्सर कोपऱ्यातून काढून बसवून दिला. आता तिघं निळ्या दाराच्या घरात राहतात, आणि रविवारी त्याच नद्या उलट्या ओलांडून तंजावरला देवाला जातात. बगळे आधीच उडतात. परवाच्या रविवारी कुडमुरुट्टीच्या पुलावर वरलक्ष्मीचे ओठ हलू लागले. अनिरुद्धरावांनी आरशात पाहिलं, तर मागे वासुकीअक्काही कानांत कापूस घालून, डोळे मिटून काहीतरी बोलत होत्या. एक अक्षर कळत नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि मग दोघींसाठी मिळून एकदा मान डोलावली.