वानखडे काकांचा पिवळा लाईट

शेलूबाजारला आमच्या गल्लीत एखादा माणूस दोरीला लोहचुंबक बांधून तो मातीतून ओढत निघाला, तर कोणी दचकत नाही. वानखडे काकांच्या गाडीचा बल्ब गेला, एवढंच त्यातून समजायचं. चुंबक त्यांनी एका जुन्या स्पीकरमधून काढलेला आहे. हेडलाईटच्या बल्बला मागून धरून ठेवणारी तारेची एक चिमुकली क्लिप असते. ती काकांच्या बोटांतून टणकन उडते आणि गल्लीत कुठंतरी जाऊन पडते. मग काका चुंबक फिरवतात. आधी खिळे सापडतात, मग सायकलचे छर्रे, मग बायकांच्या केसांच्या पिना. पिना ते ज्याच्या त्याच्या घरी नेऊन देतात. क्लिप शेवटी बहुतेक वेळा त्यांच्याच शर्टाच्या खिशात निघते.

काका निवृत्त ग्रामसेवक. नोकरीचा बराच काळ इंझोरीकडच्या गावांमध्ये गेला, तोही याच मोटारसायकलवर. नोकरी सुटली, ग्रामसभा सुटली नाही. घरात काय, गल्लीत काय, काका एकटेच ठरवतात आणि वर ‘सर्वानुमते’ म्हणतात. मी शेजारी राहायला आलो त्या दिवशी जय भीम घालून त्यांनी मला सांगितलं की, संध्याकाळचा चहा तुम्ही आमच्याकडे घ्यायचा असं सर्वानुमते ठरलं आहे. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे ठराव आला की मान हलवायची सवय होतीच.

त्यांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य म्हणजे, “आपला हात पुरते तोवर दुसऱ्याचा कायले?” हे वाक्य ते घराचे पत्रे ठोकताना म्हणतात, घरची पिठाची चक्की दुरुस्तीला खोलताना म्हणतात आणि हेडलाईटसमोर बसल्यावर तर हमखास म्हणतात. अडचण अशी की, नेमका तिथंच त्यांचा हात पुरत नाही.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बल्ब समोरून दिसतो, पण निघतो मागून. मागे हँडल, हँडलखाली वायरींचा गुंता, त्यात एक रबरी टोपी, टोपीच्या आत ती क्लिप आणि क्लिपच्या आत बल्ब. समोरचा डोम, म्हणजे काचेसकट अख्खी वाटी, सोडवला तरी वायरी त्याला लांब जाऊ देत नाहीत. एका हातानं डोम पोटाशी धरायचा आणि दुसरा हात न बघता आत घालायचा. ज्यानं कोणी ही रचना केली, त्यानं स्वतः एकदाही बल्ब बदलला नसणार. त्यात काकांचा पंजा भाकरीएवढा. आत जाताना कसाबसा जातो आणि बाहेर येताना सालपटं सोडून येतो.

बरं, बल्बच्या काचेला बोट लागलेलं चालत नाही. काका तो लग्नकार्याच्या पांढऱ्या रुमालात धरतात. कपाळाला घाम, मनगटाला ग्रीस, आणि मुठीत तेवढा स्वच्छ रुमाल. बल्बला तीन कान असतात, ते खाचेत एकाच पद्धतीनं बसतात. काका उरलेल्या सगळ्या पद्धती आधी करून बघतात. एकदा सगळं बंद केल्यावर एक वायर बाहेरच राहिली. हॉर्न दाबला की डावा इंडिकेटर लागायचा. काका महिनाभर तसेच फिरले आणि म्हणाले की, समोरच्याला कळतंय ना, मग झालं.

रस्त्याचे खड्डे आणि जुनी वायरिंग यांमुळे बल्ब वरचेवर जायचा. सगळे त्यांना एकच सांगायचे, काका, पांढरा एलईडी टाका, सुटाल. काकांनी मला कारण दिलं की पांढऱ्या उजेडावर किडे फार येतात. दूधवाल्याला सांगितलं की बॅटरी उतरते. पुण्याच्या मुलानं एलईडी पाठवतो म्हटलं, तर त्याला फोनवर आरटीओचा नियम ऐकवला. तीन माणसांना तीन कारणं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातलाच हा प्रकार, असं मी मनात म्हटलं आणि विषय सोडला.

काकूंविषयी सांगायचं राहिलं. शांताकाकूंचं माहेर कामरगावचं. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान हळूहळू गेले, आणि आता अगदीच गेले. मशीन आणून दिलं, ते त्यांनी चिडून डब्यात ठेवलं. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून त्या मोठ्यानं बोलतात. भाजी काय केली ते गल्लीला रोज कळतं. दिवेलागणीला त्या ओट्यावर हायवेच्या वळणाकडे तोंड करून बसतात. मला वाटायचं, बाई गाड्या बघतात.

यंदा तुरी शेंगांवर होत्या, तेव्हा बल्ब पुन्हा गेला. या वेळी क्लिप उडाली नाही, काकांच्या अंगठ्यात घुसली. अंगठा वांग्यासारखा सुजला. तरी काका दोन दिवस डोम पोटाशी धरून बसले. न राहवून मी म्हटलं की, नवा बल्ब मेकॅनिकला नेऊन द्या, तो बसवून देईल. सर्वानुमते वगैरे काही न म्हणता ते निघाले, यावरूनच अंगठा किती दुखत असेल ते मला कळलं.

मेकॅनिक ओळखीचा, मनानं चांगला. काका समोरच्या टपरीवर चहा पीत होते तेवढ्यात त्यानं काकांचा बल्ब रुमालात गुंडाळून डिक्कीत ठेवला आणि आपल्याकडचा पांढरा एलईडी बसवून दिला. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा त्रास नको, हा त्याचा हिशोब. काका तसेच वावरात तूर बघायला गेले. दिवस होता, त्यामुळे लाईट लावायचं काम पडलं नाही. लावला तो परत येताना.

मी माझ्या ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. वळणावरून एक लख्ख पांढरा उजेड गल्लीत शिरला आणि वानखड्यांच्या फाटकासमोर थांबला. उजेडामागचा माणूस दिसेना. काकू डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या.

“कोन व्हय? घरी नाईत ते,” त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. “बसा. त्याइच्या गाडीचा लाईट पिवळा असते. वळनावर दिसला का मी चा ठेवतो. आज अजून दिसला नाई.”

काकांनी लाईट बंद केला. काकूंना समोर एकदम नवरा दिसला आणि त्या दचकून मागे भिंतीला टेकल्या. काका गाडीवरून उतरले नाहीत. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, मान खाली घालून तसेच बसून राहिले.

चहा त्या दिवशी उशिरा झाला. काका कप घेऊन माझ्या ओट्यावर आले. बराच वेळ बशीत फुंकर घालत होते.

“तिचं ऐकनं गेलं ना सर, तवा मी समोर गेलो का रोज अशीच दचके,” ते म्हणाले. “घरच्या मानसाले भेव वाटावं, हे काय बरं हाय काय? मंग एक दिवस मी आलो आन् चा तयारच. तिनं लाईट हेरला होता. ना तिनं सांगतलं, ना म्या इचारलं.”

किडे, बॅटरी, नियम, सगळं मला आठवलं आणि त्या माणसाविषयी फार माया वाटली. बायकोला भीती वाटू नये म्हणून पिवळा बल्ब ठेवतो, हे वाक्य कोणत्याच ग्रामसेवकाला चारचौघांत म्हणता आलं नसतं.

सकाळी डोम पुन्हा सुटलेला होता. काका पाटावर, गाडी समोर, रुमालात बल्ब. मी शाळेत निघालो होतो. त्यांनी आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

“सर, तुमचा हात बारीक हाय,” ते म्हणाले. “माहा पुरत नाई.”

मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात आत घातला. एलईडी निघाला. बल्बचे तीन कान बसले, क्लिप उडाली, चुंबक आला, चुंबकानं दोन पिना दिल्या आणि क्लिप माझ्या शर्टाच्या खिशात सापडली. शाळेत मला मनगटाला पट्टी बांधून शिकवावं लागलं. मुलांनी विचारलं, तर कुत्रा चावला म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मी मुद्दाम ओट्यावर थांबलो. वळणावर पिवळा उजेड आला. बल्ब मी बसवलेला, डोमही मीच कसलेला, त्यामुळे उजेड रस्त्यावर कमी आणि वळणावरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर जास्त पडत होता. काकूंना तेवढा पुरला. त्या उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.