हौदातलं बेट

"आबा, मला तुमचा हौद पाहिजे," रोहिणी म्हणाली आणि उमाजी आबांची तंबाखूची चिमूट ओठापाशी येऊन थांबली.

"हौद? आन् मेंढरं पाणी कुठं पेतील? तुझ्या दप्तरात?"

"तवर न्या की शेजारच्या हापशावर."

"आन् तू काय करणार हौदाचं?"

"समुद्र."

आबांनी चिमूट परत डबीत टाकली. अशा बातमीवर तंबाखू वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

रोहिणी पोखर्णीच्या शाळेत नववीत होती. आठवीपर्यंत वर्गात तिचा हात कधी वर गेला नव्हता; पण वक्तृत्वात दुसरा नंबर आल्यापासून तो खाली यायलाच तयार नव्हता. त्यामुळे योगीराज सरांनी वर्गात विचारलं, "बेटावरचं घर कोण बनवणार?" तेव्हा सरांचा प्रश्न संपायच्या आतच तिचा हात वर होता. बेट म्हणजे नेमकं काय, हे तिनं हात वर ठेवूनच शेजारणीला विचारून घेतलं.

कोकणातल्या एका संस्थेनं ही स्पर्धा ठेवली होती. घर पाण्याच्या मधोमध टिकलं पाहिजे, सिमेंट नको, पत्रा नको, माल हाताशी असेल तोच वापरायचा आणि बांधकाम स्थानिक परंपरेचं हवं. जिल्ह्यातून एक घर निवडणार. ते बनवणाऱ्याला खऱ्या बेटावर नेणार, आणि सोबत घरातलं एक मोठं माणूस.

रोहिणीनं समुद्र पाहिला नव्हता. मोबाईलवर पाहिला होता, पण मोबाईलवर तर तिनं हत्तीसुद्धा अंगठ्याएवढा पाहिला होता. देवळातल्या शंखाला कान लावला की समुद्र ऐकू येतो, असं कुणीतरी सांगितल्यापासून ती नरसिंहाच्या दर्शनाला जरा जास्तच वेळा जायला लागली होती. पुजाऱ्यांना वाटलं, पोरगी मोठी भाविक निघाली. तिला तर त्या घूं-घूं आवाजाच्या मागे काय आहे, ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. बास, एवढंच. पण हे 'एवढंच' तिला जेवताना, गणित सोडवताना, झोपताना सारखं टोचत होतं.

जेवायला बसल्यावर तिनं बक्षिसाचं सांगितलं आणि घरात फूट पडली.

"मोठं माणूस म्हंजी मीच," आबा म्हणाले. "ह्या घरात माझ्याहून मोठं कोण हाय?"

"आबा, तुमाला गाडी लागती," रोहिणीचा बाप रामकिशन म्हणाला. "पोखर्णीहून परभणीला जास्तोवर दोनदा थांबावं लागतंय. समुद्रापस्तोर गेलं तर ड्रायव्हर पळून जाईल."

"आन् तू गेल्यावर मेंढरं कोण वळायचं रं?"

"आवं, पोरीसंगं बाईमाणूस लागतंय," रोहिणीची आई सविता भाकरी थापता थापता म्हणाली. "मीच जाते. तुमी दोघं मेंढरं बी वळा आन् भाकरी बी थापा."

"तुला काय करायचाय समुद्र?" रामकिशननं विचारलं.

सवितानं भाकरी तव्यावर टाकली. "जलमभर पाणी भरून आणलंय. एकदा असं पाणी बघू वाटतंय, जे भरून आणायचं न्हाई. नुसतं बसून बघायचं."

आबांनी तरीही आपला अर्ज पुढे सरकवलाच. "मला आपली गोदावरी कुठं जाऊन पडती ते बघायचंय."

"आबा, ती पार पल्याडच्या समुद्रात पडती. आपण अल्याडच्या समुद्राला जायलो."

"आतमधून सगळा एकच आसंल की!"

रामकिशननं कारणच दिलं नाही. तो हात धुवायला उठला आणि पाठमोराच म्हणाला, "मला बी बघायचाय. बास."

दुसऱ्या दिवसापासून रोहिणीचा भाव असा वधारला, की विचारू नका. तिनं दगड म्हटला की आबा दगड आणत, माती म्हटली की रामकिशन पाटी भरून आणी. हौदाच्या मधोमध दगडमातीचं बेट उभं राहिलं. त्यावर आपल्याकडचं अस्सल घर. मातीच्या जाड भिंती, बाभळीच्या काठ्यांच्या तुळया, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट माळवद. सवितानं इतकं सुबक सारवलं, की आबा म्हणाले, "सूनबाई, एवढा हात आपल्या चुलीवर फिरवला आसता तर?"

"चुलीवरून समुद्र दिसतोय का मामा?"

शेळ्यामेंढ्या येऊ नयेत म्हणून हौदाभोवती काट्यांचं कुंपण झालं. आता उरला फक्त समुद्र. हौद भरला, पण रोहिणीचं समाधान होईना. तिनं विज्ञानाच्या पुस्तकातलं प्रमाण काढलं आणि बादली मोजून मोजून मीठ घातलं. मग चार बोटं कपाळाला लावून म्हणाली, "झाला समुद्र. पण पुरेसा खारा झाला का न्हाई, कुणास ठाऊक! परीक्षक मॅडमनी चव बघितली तर?"

हे वाक्य ती सहज बोलली. पण घरातल्या तिघांनी ते मनात टिपून ठेवलं.

सवितानं धुणं वाळत घालायच्या निमित्तानं कुंपण उघडलं आणि पदराखालून चार मुठी मीठ सोडलं. रामकिशननं बाजारातून जाड्या मिठाची अख्खी पिशवी आणली होती. कुणी नाही असं बघून ती रिकामी केली. आबा तर रोज सकाळी देवाला पाणी घातल्यासारखे समुद्राला मीठ घालत होते. प्रत्येकाला वाटे, पोरीला शेवटी कळेल, खरी मदत कुणी केली. उन्हानं पाणी आटलं, तशी बेटाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली. रोहिणी टाळ्या वाजवत सुटली. "बघा! किनारा आपोआप तयार झाला!"

तिघंही नम्रपणे मान खाली घालून आपापल्या कामाला लागले.

परीक्षक यायचा दिवस उजाडला. परभणीच्या विजयमाला मॅडम, घरांचे नकाशे काढणाऱ्या, दुपारी योगीराज सरांच्या मोटारसायकलवरून येणार होत्या. रामकिशननं विचार केला, मॅडमसमोर आपण मळक्या कपड्यांत कशाला? म्हणून त्यानं मेंढरं लवकरच माळावरून वळवली, लिंबाखाली उभी केली आणि तो इस्त्रीचा सदरा घालायला घरात गेला. नेमकं त्याच वेळी आबा शेवटची मूठ टाकून कुंपणाची काटी बाजूला ठेवून आले होते. परत लावायची राहिली, कारण त्यांनाही फेटा बांधायचा होता.

तहानलेल्या मेंढरांना स्पर्धेची कल्पना नव्हती. हौद त्यांचा, वाट त्यांची. पुढची मेंढी आत शिरली, तिच्यामागून सगळा कळप, कारण मेंढरांत पुढची चुकली तर मागच्यांनी विचार करायचा नसतो. पहिल्या घोटालाच मेंढ्या फुरफुरल्या, शिंकल्या, मागे सरल्या. मागच्यांनी त्यांना पुढे रेटलं. शेळ्यांची गोष्ट वेगळी. शेळीला मीठ म्हणजे आपल्याला पेढा. त्या उड्या मारून थेट बेटावर पोचल्या आणि किनारा चाटू लागल्या.

"माय! बापू! धावा!" रोहिणी किंचाळली. "समुद्र पेयलेत! किनारा चाटायलेत!"

अगस्ती ऋषींनी एकट्यानं समुद्र प्यायला होता म्हणतात. इथं तर मेंढरांचं अख्खं खांड होतं. आबा अर्धा फेटा डोक्याला आणि अर्धा पायात घेऊन धावले. रामकिशनच्या सदऱ्याची एकच बाही घालून झाली होती. सविता कालथा घेऊन आली. "हैक्! हैक्!" एवढ्या गोंधळात एका मेंढीचा पाय हौदाच्या तळच्या भोकातल्या बोळ्यावर पडला. चिंध्यांचा तो बोळा निघाला आणि समुद्र भसाभसा गल्लीत निघाला.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वळली. खाऱ्या चिखलावरून ती हळूच घसरली आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून थांबली. सर भिंतीला धरून उभे राहिले. मॅडम खाली उतरल्या, तर लाट त्यांच्या चपलेपर्यंत आली.

"भरती आहे वाटतं," मॅडम म्हणाल्या.

बेटावर, घराच्या माळवदावर, एक बोकड उभा होता आणि माती चाटत होता. घर अजून उभं होतं, एवढीच काय ती इज्जत शिल्लक होती.

मॅडमनी हौदात उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. "बापरे! समुद्राचं पाणी एवढं खारट असतं?"

आबांनी रामकिशनकडं बघितलं, रामकिशननं सविताकडं.

"मी चारच मुठी टाकल्या," सविता पुटपुटली.

"तू बी?" रामकिशन म्हणाला.

"तू बी म्हंजी? तू बी टाकलंस?" आबा ओरडले आणि मग एकदम फेटा गुंडाळायला लागले, कारण आता पुढचा प्रश्न त्यांनाच येणार होता.

मॅडमनी घर चारी बाजूंनी पाहिलं. बोकडाला विनंती करून खाली उतरवलं. मग त्या रोहिणीला म्हणाल्या, "बांधकाम छान आहे गं. पण हे घर बेटावर चालणार नाही. तिथं चार महिने पाऊस कोसळतो. मातीचं सपाट माळवद पहिल्या आठवड्यात खाली येईल. स्थानिक परंपरा म्हणजे तिथली, बेटावरची. तू आपली घातलीस."

रोहिणीचा चेहरा उतरला. सविताला वाटलं, आता पोरगी रडणार. पण तिचा हात सवयीनं वर गेला.

"मॅडम, एक विचारू? तिथलं घर कसं आसतंय हे बघायला तिथं जावं लागतंय. आन् तिथं जायला आधी तिथलं घर बनवावं लागतंय. मग आमी करावं तरी काय? मी समुद्र बघितला न्हाई. माझ्या मायनं न्हाई, बापूनं न्हाई, आबांनी न्हाई. आमी सगळ्यांनी मिळून जेवढा मनात होता तेवढा बनवला. तो जास्त खारट झाला, ह्यात आमची काय चूक हाय?"

योगीराज सरांनी डोळे मिटून घेतले. मॅडम मात्र हौदाच्या कठड्यावर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी पण नाही बघितला. दर वर्षी जायचं ठरवते. बेटावरच्या घरांचे फोटो बघूनच मी हे सगळं शिकलेय."

"म्हंजी तुमाला बी जायचंय?" आबांनी सावधपणे विचारलं. त्यांना आणखी एक उमेदवार वाढल्यासारखा वाटला.

त्यांचा अंदाज खरा ठरला. जिल्ह्यातून आलेल्या एकूण एक घरांवर माळवदच होतं, त्यामुळे निवड कुणाचीच झाली नाही. पण मॅडमनी संस्थेला फोन करून रोहिणीचा प्रश्न जसाच्या तसा ऐकवला. संस्थेलाही उत्तर सुचेना. शेवटी ठरलं, की मुलांनी आधी बेट बघायचं आणि मग घर बनवायचं. सगळ्यांनाच न्यायचं म्हटल्यावर घरच्यांच्या जागा रद्द झाल्या. मुलांसोबत एकच मोठं माणूस जाणार होतं, विजयमाला मॅडम.

"बघा," सविता भांडी आपटत म्हणाली, "मीठ आमचं आन् समुद्र मॅडमचा."

परभणी स्टेशनवर रोहिणीला सोडायला तिघंही आले. आबांना दोनदा उतरावं लागलं, पण आले. गाडी हलल्यावर तिघं फलाटावर बराच वेळ उभे राहिले. मग रामकिशन म्हणाला, "चला, मेंढरं तहानली आसतील."

दोन दिवसांनी सकाळी मोबाईल वाजला. सविता राखेचे हात तसेच पदराला पुसत धावली. तिघंही हौदाच्या कठड्यावर एकमेकांना चिकटून बसले. पडद्यावर रोहिणी होती. तिनं गाडीत भाषण तयार केलं होतं, तिथल्या उतरत्या छपरांचं, जांभ्या दगडाचं, नारळाच्या झावळ्यांचं. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. अशी वेळ वक्तृत्वानंतर पहिल्यांदाच आली होती.

"बोल की गं!" रामकिशन म्हणाला.

"माय..." रोहिणीनं नाक ओढलं. "लय मोठा हाय."

"आगं, मग तू कामून मधी उभी ऱ्हायलीस?" आबा खेकसले. "सरक की बाजूला!"

रोहिणी बाजूला सरकली.

पडदाभर पाणीच पाणी झालं. सवितानं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "ह्याला पलीकडचा काठच न्हाई व्हय गं?"

पण चित्र अडकलं होतं. एक लाट वर उचलली होती आणि तिथंच राहिली होती. कोपऱ्यात रोहिणीची वेणी उडायच्या बेतात थांबली होती. मागे मेंढरं पाण्यासाठी ओरडायला लागली होती.

"रेंज गेली," रामकिशन म्हणाला. "कट करून परत लावू का?"

"खबरदार हात लावलास तर," आबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "थांबलाय तर थांबू दे. नीट बघून घेऊ."