कोपराजवळची बशी

कानोजीअण्णांनी ऐन चातुर्मासात हेडमास्तरांना कांदा खाऊ घातला, असं चामराजपेटेत बरेच दिवस बोललं जायचं. ते खरं नव्हतं. कांदा मी खाऊ घातला होता.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. बेळगावहून येऊन मी तिथल्या एका टिफिन रूममध्ये सप्लायर झालो होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बश्या उचलायच्या आणि टेबलांवर पोचवायच्या, एवढंच काम. अण्णा तिथले सगळ्यांत जुने सप्लायर, आणि त्या कन्नड पेठेत माझ्याशी मराठीत बोलणारे एकटेच.

अण्णा ट्रेला हात लावत नसत. डाव्या हातावर, मनगटापासून खांद्यापर्यंत, आठ बश्या रचायचे. पंचवीस वर्षांत तो हात कोपरात वाकलेलाच राहिला होता. बसमध्ये बायका खुशाल त्याला पिशव्या अडकवायच्या, आणि अण्णा आपला स्टॉप गेला तरी तोंड उघडत नसत.

गिऱ्हाइकांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, पदार्थ ठाऊक होते. एकदा भर बाजारात एका वकिलांच्या बायकोला त्यांनी विचारलं, "काय अक्का, खाली दोसा बरे आहेत ना?" वकीलसाहेब रोज बिनभाजीचा खाली दोसा घ्यायचे, म्हणून. नवरा रोज बाहेर खातो, हे बाईंना तिथं कळलं.

ऑर्डर लिहून घ्यायची म्हटलं की अण्णांना राग यायचा. "कागदाला काय कळतं रे, कोण किती भुकेलंय?" कुठली बशी कुणाची, हे त्यांच्या हाताला पाठ असायचं. मी घाई केली की म्हणायचे, "स्वल्प थांब, बेळगाव. दोसा पळून जात नाही."

त्या सकाळी मी थांबलो नाही. माझ्या टेबलावरचा एक माणूस दोशासाठी आरडाओरडा करत होता. अण्णा भरल्या हातानं खिडकीशी पाठमोरे उभे राहून आत चटणीसाठी ओरडत होते. मी त्यांच्या कोपराजवळची बशी हळूच उचलली आणि त्या माणसाला दिली. परत आलो तर खिडकीत माझा मसाला दोसा आलेला. तो त्या मोकळ्या जागी ठेवून दिला. बाहेरून दोन्ही दोसे सारखेच.

उचललेली बशी निवृत्त हेडमास्तरांची होती. चातुर्मासात ते कांदा खात नसत, हॉटेल मात्र सोडत नसत. त्यांच्यासाठी बिनकांद्याची भाजी वेगळी व्हायची. दुसऱ्याच घासाला ते ताडकन उठले. "व्रत बुडवलंस माझं, कानोजी!"

मालक गल्ल्यावरून आले. "अण्णा, वय झालं तुमचं. उद्यापासून मागे नारळ खवायला बसा."

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मालकांना कन्नडमध्ये 'बरं' म्हणाले, "सरी."

मी गप्प बसलो. आधी नोकरी जाईल म्हणून, आणि मग अण्णांची सहा टेबलं मला मिळाली म्हणून. दुसरं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हेडमास्तर चार दिवसांनी पुन्हा यायला लागले. व्रत मोडलं होतं, पण कॉफी सुटत नव्हती.

महिनाभरानं चटणी आणायला मागे गेलो. अण्णा खवणीवर बसले होते. खवलेल्या खोबऱ्याचे ढीग त्यांनी ओळीनं मांडले होते आणि एकेकाकडे बोट दाखवून पुटपुटत होते, "हे डबल सांबार. हे दोन वडा. हे खाली दोसा..."

मला राहवलं नाही. "अण्णा, ती बशी मी बदलली होती."

"ठाऊक आहे. कोपराला जास्त गरम लागली होती, पण का ते हेडमास्तर उठल्यावर उमगलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर मालकांनी तुला घालवलं असतं." ते खवत राहिले. "बायको गेली. पोरगी सेलमला दिली. दिवसभरात माझ्याशी मराठीत भांडणारा तू एकटाच आहेस रे."

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. "अरे, सोड! बाहेर गर्दी आहे," ते म्हणत होते. गर्दी होतीच. मालक होते, हेडमास्तरही होते. मी काय केलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं कन्नडमध्ये सांगितलं. मालक काही बोलायच्या आत अण्णांकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "अण्णा, चूक माझी होती. तुम्ही मला सांभाळलंत आणि मी तुमची टेबलं घेतली. मला माफ करा."