शब्बीर मास्तरांची सिम्फनी

कोल्हारात कुणी "काल ऑर्केस्ट्रा लई भारी झाला" असं म्हणालं आणि शेजारी शब्बीर मास्तर असले, तर त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. मास्तर त्याचा खांदा धरतात. "ऑर्केस्ट्रा होत न्हाई भाऊ, ऑर्केस्ट्रा असतो. ऑर्केस्ट्रा म्हंजी वाजवनारी मानसं. ती समदी मिळून जे लांबलचक वाजवत्यात, ती सिम्फनी!"

मास्तर आमच्या गल्लीतले. लग्नात बँड वाजवतात. खरी सिम्फनी त्यांनी मोबाईलवर ऐकली, तीही अर्धी, कारण रेंज गेली. पण बोलणं असं ठाम, की आपणच मान डोलवतो. ग्रामसभेतून बाहेर पडले की जाहीर करतात, "ऑर्केस्ट्रा फुल्ल, सिम्फनी काय न्हाई." घरी आमटी बिघडली, तर "मसाल्यांचा ऑर्केस्ट्रा बरोबर हुता, सिम्फनी खारट झाली." भाभी त्यांना भांडी घासायला लावतात. ती मात्र मास्तर मुकाट्याने घासतात.

पुतण्याच्या लग्नाला मी हट्टाने त्यांचाच बँड ठरवला. वरात निघाली आणि गाणं एका ओळीआड तुटायला लागलं. मास्तर आणि भीमानाना, दोघे ट्रम्पेटवाले. एकाने ओळ वाजवायची, तेवढ्यात दुसऱ्याने दम खायचा, ही त्यांची तरुणपणापासूनची पद्धत. पण नानांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. तोंड वाकडं झालं होतं, फुंकर धरत नव्हती. तरी लाल कोट घालून, ट्रम्पेट ओठांना लावून ते मास्तरांच्या शेजारी चालत होते. त्यांच्या ओळीला नुसता ढोल ऐकू यायचा.

आमचा दादा भडकला. "मास्तर, ह्यांना टेम्पोत बसवा, न्हाईतर मी डीजे बोलावतो!"

"बोलवा," मास्तर म्हणाले. "नाना ऑर्केस्ट्रात हाय."

मी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, नानांच्या ओळी तुम्हीच वाजवा ना. येतात की तुम्हाला."

"समद्या येत्यात." मास्तरांनी बाहीने तोंड पुसलं. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पर मी वाजवल्या, तर त्यो उद्यापास्नं यायचा न्हाई."

दादाला हाताला धरून मी वरातीच्या मागे नेलं. पुढे मास्तरांची ओळ संपली. नानांची बोटं ट्रम्पेटवर भराभर चालू लागली, आणि त्यांची ओळ पुरी होईपर्यंत मास्तर त्यांच्याकडे बघत थांबले.