प्रेमराजभाऊंचं बोट

सावद्यात केळी पिकतात आणि सत्कारही. त्यामुळे जळगावच्या हाताच्या सर्जन डॉ. हेमांगी यांचा सत्कार सावद्यात ठरला, यात नवल नव्हतं. सर्जरीत बायका फार कमी आहेत, त्यांना संधी द्या, असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. त्याची गंभीर दखल घेऊन 'महिला सर्जन प्रोत्साहन समिती' स्थापन झाली. समितीत बाई एकही नव्हती, कारण बैठका संध्याकाळी होत आणि संध्याकाळी बायकांना घरी कामं असतात. अध्यक्ष होते केळीचे व्यापारी प्रेमराजभाऊ.

फीत कापणं जुनं झालं, सबब उद्घाटन केळीचा घड कापून व्हावं, असा ठराव झाला. भाऊंनी डाव्या हाताने घडाचा दांडा धरला आणि उजव्यात कोयता घेतला. फोटोग्राफर म्हणाला, चेहरा झाकला जातोय, हात बदला. भाऊंनी बदलले. घड शाबूत राहिला आणि भाऊंच्या उजव्या हाताची तर्जनी आतून कापली गेली.

हाताचा चांगला डॉक्टर कुठे मिळेल, यावर मंचावरच समितीची तातडीची बैठक भरली. कोणी धुळं सुचवलं, कोणी सुरत. हेमांगी उठल्या, बोट पाहिलं. वाकवणारी शीर तुटलीय, दोन-चार दिवसांत जोडली तर बोट चांगलं होईल, जळगावला चला, असं त्यांनी सांगितलं.

"मॅडम, तुम्ही बसा," सचिव अदबीने म्हणाले. "तुमचा सत्कार व्हायचाय अजून."

भाऊंच्या पत्नी यशोदाबाई सत्काराच्याच शालीत नवऱ्याचा हात गुंडाळत होत्या. "यायले तुम्हीच बलावलं ना? मंग हात बी यायलेच दाखवा."

"यायचा आदर हायेच," भाऊ कण्हत म्हणाले. "पन उजवा हात हाये माहा."

धुळ्याच्या डॉक्टरांनी बोट पाहून जळगावला हेमांगी मॅडमकडे जायला सांगितलं. भाऊंना वाटलं, हे आपल्याला टाळताहेत. सुरतेतही तेच नाव निघालं, तेव्हा हे सगळे एकमेकांना सामील असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. मग पाहुण्यांच्या ओळखीने इंदूर. तिथले मोठे सर परदेशी गेले होते. त्यांची वाट बघण्यात महिना गेला.

सर आले. म्हणाले, "जळगावचे ना तुम्ही? मग इथे कशाला? हे काम मी हेमांगी मॅडमकडेच शिकलो."

हेमांगींनी ऑपरेशन केलं, पण शीर एव्हाना आखडून गेली होती.

"महिन्यापूर्वी हे बोट मी वाकवून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "आता ते सरळच राहील."

आवाज चढला नव्हता, थकला होता. मला विचाराल तर मी चार शब्द सुनावले असते.

पुढच्या वर्षी भाऊंनी त्याच मंचावरून भाषण केलं, की महिलांनी सर्जरीत आलंच पाहिजे. त्यांनी मूठ वळली. बाकीची बोटं मिटली, तर्जनी तेवढी ताठ, थेट श्रोत्यांकडे रोखलेली. त्याने भाषणाला वजन आलं आणि टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात. दुसऱ्या दिवशी आईचं मोडलेलं मनगट घेऊन जळगावच्या दवाखान्यात गेलात आणि टेबलामागे बसलेल्या बाईंना नम्रपणे विचारलंत, "मोठे सर कधी येतील?"